जुनी जीप-पिकअप घरी दुरुस्त करताय? आधी कामाचा क्रम ठरवा

भामरागडला मामांच्या घरामागे चिंचेखाली एक महिंद्रा एफसी पिकअप बरीच वर्षं उभी होती. पुढे बोनेट नाही, तोंड चपटं, मागे माल भरायचा छोटा डाला. गेल्या दिवाळीपासून मिळेल त्या सुट्टीत तिकडे जाऊन मी आणि मामा तिच्यावर काम करतोय. माझी डिग्री कम्प्युटर इंजिनीअरिंगची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे ग्रीसशी माझी ओळख तशी नवीनच. गाडी आता चालू होते, ब्रेक दाबला की थांबते. तरीही ती अजून रस्त्यावर आलेली नाही. का, ते लेखाच्या शेवटी कळेल, कारण ती आमची सगळ्यात मोठी चूक होती.

जुनी गाडी घरी दुरुस्त करण्यावर इंटरनेटवर भरपूर व्हिडिओ आहेत. पण बहुतेक व्हिडिओंत इंजिन सुरू होणं आणि रंग चमकणं एवढंच दिसतं. खरा प्रश्न क्रमाचा आहे. आधी काय करायचं, मग काय, आणि का? क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं, किंवा एखाद्याचा हात-पाय जातो. म्हणून आज आपण हा क्रम समजून घेऊया.

ही गाडी नेमकी कोणती?

महिंद्राची सुरुवात १९४५ मध्ये पोलाद व्यापारातून झाली आणि १९४७ पासून त्यांनी अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीप भारतात जोडायला सुरुवात केली. त्याच विलीज कंपनीने १९५० च्या दशकात ‘फॉरवर्ड कंट्रोल’ नावाची पिकअप काढली होती. एफसी हे त्याचंच लघुरूप. कल्पना साधी होती: जीपचीच चेसिस, जीपचंच इंजिन, पण ड्रायव्हरची केबिन पुढे सरकवून थेट इंजिनाच्या वर. त्यामुळे तेवढ्याच लांबीत मागे मालाला जास्त जागा मिळते. १९६५ पासून महिंद्राने हलकी मालवाहू वाहनं बनवायला घेतली, ती याच एफसी-१५० पासून.

यात ‘हरिकेन’ नावाचं चार सिलिंडरचं, साधारण २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असायचं. इंजिनावरचं झाकण दोन सीटच्या मधोमध आहे, म्हणजे केबिनमध्ये बसूनच इंजिन उघडायचं. पावसात हे फार सोयीचं पडतं आणि मे महिन्यात तेवढंच त्रासाचं.

या गाडीत एकही सेन्सर नाही, कम्प्युटर नाही. इंधन, हवा, ठिणगी, सगळं यांत्रिक. बिघाड डोळ्यांनी दिसतो, हाताला लागतो. म्हणूनच ती भामरागडसारख्या ठिकाणी दुरुस्त होऊ शकते.

भामरागडमुळे काय फरक पडतो?

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्यातलं, छत्तीसगडच्या सीमेवरचं तालुक्याचं गाव. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा इथे संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावर पाणी चढतं आणि गावाचा बाहेरचा संपर्क तुटतो. आलापल्ली इथून साधारण ६५ किलोमीटर, जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब.

याचा दुरुस्तीशी संबंध काय? तीन गोष्टी. एक, दमट हवा आणि पुराचं पाणी यामुळे गंज लवकर धरतो आणि आतपर्यंत जातो. दोन, एक वायसर विसरला तर दिवस जातो, त्यामुळे यादी करूनच बाजाराला जायचं. तीन, लेथचं काम, ड्रम टर्निंग, इंजिन बोअरिंग असलं काही घरी होत नाही. ते सगळं एकदम काढून एकाच खेपेत चंद्रपूर किंवा नागपूरला न्यायचं. त्यासाठी आधी पूर्ण गाडी तपासलेली असावी लागते.

पायरी १: उघडण्याआधी फोटो

प्रत्येक नट सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, शक्यतो तीन बाजूंनी. नट-बोल्ट एका डब्यात टाकू नका. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी आणि त्यावर चिठ्ठी. आज आठवतं ते चार महिन्यांनी आठवत नाही, आणि इथे पावसाळा मध्ये आला की काम चार महिने थांबतंच.

दुसरं, पाने. ही अमेरिकन वंशाची गाडी, त्यामुळे नट-बोल्ट इंची मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण थोडा ढिला असतो. गंजलेल्या नटावर जोर दिला की त्याचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीशिवाय पर्याय उरत नाही. इंची गोटी पान्यांचा एक सेट हा या कामातला पहिला खर्च समजा.

पायरी २: चेसिस आणि गंज

गंज तीन प्रकारचा धरा: वरवरचा, पापुद्रे सुटणारा आणि भोक पाडलेला. पेचकस घ्या आणि चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर टोचत जा, विशेषतः पाटे जिथे चेसिसला जोडले आहेत तिथे आणि चिखल साचणाऱ्या कोपऱ्यांत. टोक आत गेलं तर तो भाग कापून नवीन पोलादी पट्टी वेल्ड करावी लागेल. हे काम अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या. चेसिसच जागोजागी सडली असेल तर इथेच थांबलेलं बरं. बाकी सगळं बदलता येतं, पण चेसिस बदलली की कागदावरची गाडीच बदलते.

छोट्या सुट्या भागांसाठी, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, झाकणं यांसाठी घरी करता येणारी एक उत्तम पद्धत आहे: विजेने गंज काढणं. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्या. दर १० लिटरला साधारण तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. गंजलेला भाग पाण्यात टांगा आणि बॅटरी चार्जरची ऋण वायर त्याला जोडा. धन वायर भंगारातल्या साध्या लोखंडी तुकड्याला जोडून तोही पाण्यात सोडा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये.

इथे होतं काय? गंज म्हणजे ऑक्सिजनशी जोडलं गेलेलं लोखंड. ऋण टोकाकडून त्या भागाला इलेक्ट्रॉन मिळतात, गंजाचं रासायनिक रूप बदलतं आणि तो सैल काळा थर होऊन सुटतो. निघालेल्या वायूचे बुडबुडेही तो थर ढकलतात. खालचं चांगलं लोखंड मात्र झिजत नाही, जे ग्राइंडरने हमखास झिजतं. काही तासांनी भाग काढून ब्रशने घासा, लगेच वाळवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. इथल्या हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस दिसतं.

पण काही नियम पक्के:

• काम उघड्यावरच करा. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. जवळ बिडी नको, चूल नको.
• हात घालण्याआधी चार्जर बंद.
• धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, त्यातून क्लोरीन निघतो.
• ॲल्युमिनियमचे भाग आणि कार्बोरेटर या बादलीत घालू नका, ते खराब होतात.
• पाटे, स्प्रिंग आणि जास्त ताणाचे बोल्टही नकोत. हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं.
• नवीन ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर सुरूच होत नाहीत. यासाठी जुना साधा चार्जर लागतो.

पायरी ३: इंजिनाआधी ब्रेक

माझा हट्ट होता की आधी इंजिन सुरू करूया, हुरूप येईल. मामा म्हणाले, “चालू त होईल, पन थांबल कशी?” मामांचं बरोबर होतं. इंजिन सुरू झालं की कोणीतरी गाडी हलवून बघणारच. मग ब्रेक नसलेली, दीड टनाच्या आसपासची गाडी अंगणात सोडण्यासारखं होतं.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सगळे एकाच मास्टर सिलिंडरवर, एकाच पाइपलाइनवर चालतात. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी दुसरी धरते. इथे एक रबरी नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. म्हणून जुनी रबरी नळी ‘अजून चांगली दिसतेय’ म्हणून ठेवू नका. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडा, आत खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला, नाहीतर किमान सगळी रबरं नवीन टाका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पाणी मिसळलेलं ब्रेक ऑइल आतून सिलिंडर गंजवतं. शिवाय उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखं आत जातं. उघडलेला डबा पुढच्या वर्षी वापरू नका. ब्रेकचे रबरी भाग डिझेल-पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने कधीही धुऊ नका, रबर फुगून सिलिंडर जाम होतो. शेवटी मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून एअर काढा.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, पंपाची हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आता हँडब्रेक. आमचा अपघात इथे होता होता वाचला. आजच्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना धरतो. या जुन्या जीप घराण्यात तो गिअरबॉक्सच्या मागे, फिरत्या शाफ्टला धरतो. सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर असताना तो छान काम करतो. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की काय होतं? शाफ्ट जाम आहे, तरी डिफरन्शियलमुळे एक चाक पुढे आणि दुसरं मागे असं फिरू शकतं. म्हणजे हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल घरंगळतं. मी हँडब्रेक ओढून डावं मागचं चाक उचललं आणि गाडी हातभर मागे सरकून जॅकवरून खाली आली. मी तेव्हा पाना आणायला बाजूला गेलो होतो, एवढंच नशीब.

तेव्हापासून नियम एकच. जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली पक्के स्टँड लावल्याशिवाय कोणीही जायचं नाही.

पायरी ४: जाम इंजिन मोकळं करणं

बरीच वर्षं उभ्या गाडीचं इंजिन स्टार्टरने फिरवायचा मोह आवरा. आधी खालचा बोल्ट सोडून ऑइल काढा. आमच्या गाडीतून आधी कपभर पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं ऑइल. म्हणजे पाणी आत गेलेलं होतं. अशा वेळी खालचा चेंबर उघडून पूर्ण साफ करणं भाग आहे, नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

मग चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि पातळ ऑइल टाका आणि दोन-चार दिवस विसरून जा. नंतर पुढच्या हँडलने हलका जोर द्या, पुढे-मागे. केसभर हललं तरी पुष्कळ. जोर लावून फिरवलं तर गंजलेली रिंग सिलिंडरला ओरखडे पाडते आणि पाचशेचं काम बोअरिंगपर्यंत जातं.

मोकळं झालं की कॉम्प्रेशन मोजा. गेज प्लगच्या भोकात लावून इंजिन फिरवायचं. एकेका आकड्यापेक्षा चारही आकडे जवळपास सारखे आहेत का ते बघा. एखादा फार कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने फट भरली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. काहीही न उघडता एवढं निदान होतं.

या इंजिनात एक गंमत आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, पण धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे नुसतं हेड खोलून ‘व्हॉल्व्हचं काम झालं’ असं कोणी म्हणालं तर अर्धंच झालंय.

ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करून फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवा. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२.

पायरी ५: आजचं पेट्रोल, कालची गाडी

ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आपल्याकडे २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं, त्यामुळे पंपावर आता बहुतेक तेच मिळतं. जुन्या गाडीला यात तीन अडचणी. जुनं रबर आणि जुनी पॅकिंग इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पाणी-इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि टाकी आतून गंजते. तिसरं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही, तो ठरलेल्या मापानेच इंधन सोडतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ पडतं आणि इंजिन तापतं, झटके देतं.

उपाय आवाक्यातले आहेत. इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्या. टाकीनंतर पारदर्शक फिल्टर बसवा, म्हणजे आलेला गंज डोळ्यांना दिसेल. जेट एक माप मोठा लागू शकतो. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करूनच ठेवा.

पायरी ६: वायरिंग

उंदरांनी कुरतडलेली, कापडी वेष्टणाची वायर जोडत बसू नका, नवीन हार्नेस घाला आणि प्रत्येक लाइनला फ्यूज द्या. दिवे मंद असतील तर लगेच बल्ब बदलू नका. मल्टिमीटरने बॅटरीवर आणि दिव्यावर व्होल्टेज मोजा. वाटेत दीड व्होल्ट कमी झाला तर साध्या बल्बचा प्रकाश ढोबळमानाने एक तृतीयांश घटतो. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा निघतो: चेसिसला टेकलेला गंजलेला बोल्ट. तो घासून पुन्हा कसायचा, काम झालं.

रंग? सगळ्यात शेवटी. डाल्याला फळ्या लागणार असतील तर लाकूड पावतीसहच घ्या. आपल्याकडे जंगल दारातच असलं तरी सागाची फळी विनापावती नेणं हा वेगळाच गुन्हा आहे.

पायरी शून्य: कागद

आता आमची चूक. हे सगळं झाल्यावर आम्ही आरसी बाहेर काढलं. नोंदणी १९७४ ची, चंद्रपूरची. साहजिकच आहे, गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. प्रकार: मालवाहू. फिटनेस कधीच संपलेला.

मला वाटलं होतं, ५० वर्षं झाली, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवूया. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये त्यासाठी नियम आणले आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात बसते. नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात, नवीन नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण नीट वाचलं तर दोन अटी दिसतात. गाडी बिगर-व्यावसायिक हवी. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मामांना तर तिच्यातून धान आणि बाजाराचा माल न्यायचाय. त्यांना व्हिंटेज नंबर घेऊन करायचं काय?

दुसरा मार्ग मालवाहू म्हणूनच ठेवण्याचा. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी. आणि फिटनेस नसलेली गाडी तपासणीपर्यंत चालवत नेता येत नाही, दुसऱ्या गाडीवर लादून न्यावी लागते. दीडशे किलोमीटरहून जास्त. एवढं गणित आम्ही पहिला नट सोडण्याआधी करायला हवं होतं.

तुम्ही गाडी विकत घेणार असाल तर आणखी एक बघा. अनेक जुन्या पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन टाकलेलं असतं. आरसीवर इंधन आणि इंजिन नंबर वेगळा असेल तर ती गाडी स्वस्त नाही, अडकलेली आहे. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. चेसिसवरचा नंबर पोलादी ब्रशने साफ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी ताडून बघा. नंबर गंजाने गेला असेल तर तो स्वतः कोरू नका, आरटीओलाच विचारा.

थोडक्यात क्रम

कागद, फोटो, चेसिस, ब्रेक, इंजिन, इंधन, वायरिंग, रंग. पहिल्या तीन पायऱ्यांना जवळपास काही खर्च नाही, आणि गाडी दुरुस्त करावी की नाही हे त्यांतच कळतं.

आमची एफसी सध्या अंगणात आठवड्यातून एकदा सुरू होते, चिंचेपासून फाटकापर्यंत जाते, थांबते आणि उलटी परत येते. मामांनी मालवाहू म्हणूनच नूतनीकरण करायचं ठरवलंय. चंद्रपूरची फाइल शोधणं सुरू आहे. यंदाचा पूर येण्याआधी ती पुलापलीकडे न्यायची, एवढंच आता बाकी आहे.